शेंडेखाऊ शूरवीर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ज्या नव्या केरसुणीला आपण हळदकुंकू वाहतो, ती केरसुणी कशाची करतात, हा प्रश्न मी दर दिवाळीपूर्वी वर्गात विचारतो. उत्तरे मोठ्या मौजेची येतात. कोणी म्हणतो गवताची, कोणी म्हणतो नारळाची, आणि गेल्या खेपेस एक चिरंजीव ठणकावून म्हणाले, "दुकानाची!" शिंदीच्या पानांची, हे उत्तर चाळिसांत एखाद्यालाच येते. पण याच मुलांना 'पाम हार्ट' म्हणजे काय ते विचारा. भराभर हात वर होतात. झाडाचा शेंडा सुऱ्याने उडवायचा, सोपटे सोलायची, आत पांढराशुभ्र गाभा लागतो, तो कच्चाच खायचा आणि रानात जगायचे! हे ज्ञान त्यांना मोबाइलवरच्या चित्रफितींनी दिले, आणि त्याचे प्रात्यक्षिक आता आमच्या दारापाशी येऊन पोहोचले आहे.

थंडी पडली की मुंबई-ठाण्याकडून पाठीवर गाठोड्याएवढ्या पिशव्या बांधलेली मंडळी आमच्या जूचंद्रवरून पुढे कामणच्या आणि तुंगारेश्वरच्या डोंगरांकडे सरकू लागतात. यांच्या शिबिराला 'सर्व्हायव्हल' म्हणतात. कोणी 'बुशक्राफ्ट' म्हणतात. मराठीत सांगायचे तर रानात तगून राहण्याची विद्या. विद्या उत्तमच आहे. पोरांनी चार दिवस पंख्याखालून उठून डोंगरात जावे, चूल पेटवावी, पायाला काटा लागला तर आईला हाक न मारता काढावा, याला माझा विरोध असेल तर माझी मास्तरकी व्यर्थ म्हणायची. माझा विरोध आहे तो त्या हातभर सुऱ्याला आणि त्याहून अधिक त्या सुऱ्यामागच्या अकलेला.

गेल्या हिवाळ्यात कामणच्या बाजूला एका ओहोळाकाठी तीन शिंदी मी शेंडा उडवलेल्या पाहिल्या. खाली सोपटांचा ढीग आणि गाभ्याचे अर्धवट चावून थुंकलेले तुकडे होते. म्हणजे खाल्लेही नाही, चाखून पाहिले! शिबिर कोणाचे होते हे मला ठाऊक आहे, पण नाव लिहून मी त्यांची जाहिरात करणार नाही. शेजारच्या पाड्यावरचा ताडी काढणारा म्हातारा माझ्याबरोबर होता. त्याने झाडाकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, "शेंडा गेला म्हंजे झाड गेलं, मास्तर. आता ते सरपणालाही धड नाय."

त्या म्हाताऱ्याचे वाक्य म्हणजे वनस्पतिशास्त्राचा अर्धा धडा आहे. आंब्याची फांदी तोडली तर बाजूने चार धुमारे फुटतात. वडाला कितीही छाटा, तो हसतो. पण ताड, शिंदी, माड आणि भेरली माड या आपल्या झाडांना वाढायला एकच डोळा असतो, आणि तो शेंड्यात, पानांच्या गर्दीत खोल दडवलेला असतो. त्यालाच ही मंडळी 'हार्ट' म्हणतात. तो काढला की झाड उभ्या उभ्या मरते. त्याला दुसरी फांदी नाही, बगलेतून फूट नाही. ज्या गाभ्यासाठी हे करायचे तो तरी किती? वीस वर्षांच्या झाडातून दोन माणसांना पुरेल न पुरेल एवढी, बहुतेक पाण्यानेच भरलेली, मुळ्याच्या चुलत बहिणीसारखी लागणारी चीज. त्याने पोटाला आधार होत नाही. आणि आधार हवाच कशाला? जिथे ही मंडळी 'भुकेने व्याकूळ' होतात तिथून अहमदाबादच्या हमरस्त्यावरच्या मालमोटारींचे भोंगे ऐकू येतात. अर्ध्या दिवसाच्या चालीवर मिसळ मिळते!

हा शोध काही नवा नाही. ख्रिस्तपूर्व ४०१ मध्ये झेनोफन नावाचा ग्रीक गृहस्थ भाडोत्री शिपायांच्या फौजेबरोबर बाबिलोनच्या मुलखात गेला होता. तिथे त्याच्या शिपायांनी खजुरीचा गाभा प्रथमच खाल्ला. चव त्यांना नवलाची वाटली, पण डोकी भणभणली, आणि ज्या झाडाचा गाभा काढला ते झाड सबंध वाळून जाते, हेही त्याने नमूद करून ठेवले आहे. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या परमुलखातल्या शिपायाला जे एका नजरेत दिसले, ते आमच्या पदवीधर शिबिरप्रमुखांना दिसू नये! तिकडे ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या अरण्यात जुसारा नावाचा असाच एकखोडी पाम आहे. त्याचा गाभा डब्यात भरून विकण्याच्या नादात तिथली रानेच्या राने त्या झाडावाचून ओस पडली. मग व्यापारी ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या दुसऱ्या एका जातीकडे वळले, जिचे बेट असते आणि एक खोड तोडले तर बुंध्यापासून दुसरे येते. फ्लोरिडातले लोक आपल्या सबाल पामचा गाभा खातात, आणि तेच झाड १९५३ पासून त्यांचे राज्यवृक्षही आहे. त्यांचे ते जाणोत. पण फ्लोरिडाच्या दलदलीचे पुस्तक तुंगारेश्वरात आणून वाचायचे, म्हणजे लंडनच्या वेळापत्रकावरून वसई-दिवा गाडी पकडायला जाण्यासारखे आहे.

बरे, आपल्या रानातले ताड-शिंदी उपाशी माणसाच्या उपयोगाचे नाहीत काय? आहेत, आणि इतके आहेत की ते सांगताना मला या शिबिरवाल्यांची कीव येते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या सरकारी गॅझेटियरात या भागातल्या रस देणाऱ्या चार झाडांची नोंद आहे: माड, ताड, शिंदी आणि भेरली माड. माड हा वाडीतला, पाणी घालून वाढवलेला, तो सोडा. उरलेली तीन आपल्या रानाची आणि बांधाची. या तिघांशी माणसाने कसे वागायचे याची एक जुनी, शिस्तीची रीत आहे, आणि तिचा पहिला नियम असा की झाड जिवंत ठेवून घ्यायचे.

शिंदीचेच पाहा. तिचा रस काढणारा शेंड्याखालची एका अंगाची जुनी पाने छाटून मऊ खोडाला बेताची खाच देतो, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या अंगाला. मधे झाडाला विश्रांतीचे दिवस असतात. म्हणून जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते. वाचता येणाऱ्याला त्या खाचांवरून झाडाची किती वर्षे चाकरी झाली ते मोजता येते. खाच बोटभर अधिक खोल गेली तर झाड दगावते, आणि वरवर राहिली तर मडके कोरडे. तो हात पुस्तकाने येत नाही. ताडाची तऱ्हा निराळी. त्यात नर-मादी वेगळी झाडे. रस दोघेही देतात, ताडगोळे मादीच देते. तिथे खोडाला हात लावायचा नाही. फुलाची कणसे बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, काही दिवस राबवायची, मग टोकाचा पातळ काप रोज काढत राहायचे. तेव्हा कुठे थेंब सुटतो. चित्रफितीतला शूर झाडाला भोक पाडतो आणि खाली तोंड लावतो. त्याला थेंब मिळत नाही आणि झाडाला मात्र कीड लागते. घामाघूम होऊन ताडावर पाणी शोधणाऱ्याने त्याच श्रमात ओहोळाच्या वाळूत हातभर खड्डा खणावा. पाणी तिथे लवकर लागेल. ते उकळून प्यावे, एवढे मात्र विसरू नये.

पण रसाहून मोठी गोष्ट पानांची. शिंदीच्या पानाच्या चटया, टोपल्या, केरसुण्या. ताडाच्या पानाचे पंखे, छपरे. मृगाच्या आधी ज्या बाईने आपले झोपडे ताडपत्रांनी शाकारले आहे, तिला 'शेल्टर' शिकवायला जाऊ नका. ती वाळून गळालेली झावळीच उचलते, झाडावरची हिरवी तोडते ती बेताने आणि खालची. शाकारणी खालून वर करत जाते, म्हणजे वरच्या थराचे पाणी खालच्या थरावरून घरंगळते. शिबिरातल्या मुलांनी वरून खाली रचलेले छप्पर मी पाहिले आहे. दिसायला झकास होते. पाऊस आला नाही हे त्यांचे भाग्य. देठ ठेचून निघणाऱ्या धाग्यांची दोरी होते. भेरली माडाच्या पानांच्या बुडाशी काळा, चिवट, घोड्याच्या शेपटीसारखा काथ्या मिळतो. श्रीलंकेत त्याला कितुल म्हणतात आणि त्याचे ब्रश करतात. वाळलेले सोपट ठिणगी धरते. हे सारे झाडाच्या अंगावरून उतरवून घ्यायचे, त्याच्या गळ्याला सुरी न लावता.

आणि भेरली माडाची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हे झाड आयुष्यात एकदाच फुलायला बसते. पहिला तुरा शेंड्याशी, मग त्याखाली दुसरा, मग तिसरा, असे वर्षानुवर्षे खाली खाली उतरत जाते आणि शेवटचे फळ पिकले की मरते. त्याच्या खोडात साबुदाण्यासारखे पिठूळ सत्त्व साठलेले असते. दुष्काळात ते कुटून लोकांनी पोट भरले आहे. म्हणजे खरोखरीच जीव वाचवण्याची वेळ आली तर अन्न खोडात आहे. हे शिबिरवाल्यांना ठाऊक नाही, आणि नाही तेच बरे. नाहीतर उद्या ते कुऱ्हाड घेऊन येतील.

अज्ञानाची किंमत झाडच देते असे नाही, पोरेही देतात. भेरली माडाचे लालसर घोस दिसायला मोठे मोहक. त्याच्या गरात सुईसारखे स्फटिक असतात. खाजऱ्या सुरणाने घसा धरतो त्याच जातीचे. हाताने फळ चुरडले तरी कातडी पेटते, मग तोंडाची काय कथा! शिंदीच्या पानाच्या बुडाशी जे काटे असतात ते पानाचेच टणक झालेले भाग. असा काटा गुडघ्याच्या सांध्यात मोडून राहिला तर जखम बुजते आणि गुडघा महिनोन् महिने सुजत राहतो. शेवटी डॉक्टरला आत जाऊन तुकडा काढावा लागतो. शिंदीला मिठी मारून चढणारी मुले मी पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे शब्दशः.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. रानात कोणाचे तरी टांगलेले मडके दिसले की त्यातला रस पिण्याचा मर्दानी खेळ चालतो. चोरी आहे हे बाजूला ठेवू. शिबिराच्या नियमात ते बसत असेल. पण बांगलादेशात हीच शिंदी, हाच थंडीतला रस, आणि त्यातून निपाह नावाचा ताप माणसांत आला हे २००५ च्या टांगाइल जिल्ह्यातल्या साथीच्या तपासात दिसून आले. फळे खाणारी वटवाघळे रात्री त्या रसाच्या धारेला चाटतात, आणि कच्चा रस पिणाऱ्याला रोग होतो. तिथे हा रोग झालेल्या दहांतील सातएक माणसे दगावली आहेत. उपाय साधा आहे: बांबूच्या कामट्यांचा पडदा मडक्याभोवती आणि खाचेभोवती बांधायचा, किंवा रस चांगला उकळायचा. आपल्याकडे महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने मार्च २०२० मध्ये घेतले होते, आणि त्यांत या विषाणूच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळल्या. घाबरून नीरा सोडा असे मी म्हणत नाही. जाणत्याच्या हातची, झाकल्या मडक्यातली घ्या, एवढेच म्हणतो. आणि जाणता कोण हे कळायला आधी त्याच्याशी बोलावे लागते.

इथेच माझे खरे भांडण आहे. ताडावर चढणाऱ्या भंडाऱ्याला, शिंदी जाणणाऱ्या वारल्याला, कातकऱ्याला, केरसुण्या वळणाऱ्या मातंगाला आपण दीडशे वर्षे काय दिले? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाड छेदायला परवाना आणि झाडागणिक कर लावला. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले गोळा करणेही गुन्ह्यात घातले. स्वराज्यात दारूबंदी आली. १९४९ च्या कायद्याने न आंबलेली नीरा आणि आंबलेली ताडी यांत भेद केला हे योग्यच, पण सूर्य वर आला की नीरेची ताडी होते आणि चढणाऱ्याचा गुन्हेगार होतो, हा धाक त्याच्या मानेवर कायम बसला. महात्मा गांधींनी ताडगुळाचा पुरस्कार केला तो एवढ्यासाठी की झाडही राहावे, हातही राहावा आणि नशा जावी. तो गूळ आज किती घरांत येतो? पोरांना 'तुझा बाप ताडी काढतो' म्हणून वर्गात चिडवले जाते; मी ते कानांनी ऐकले आहे आणि त्याबद्दल छडीची आठवण झाली आहे. ज्या विद्येमुळे एका मुलाने मान खाली घालायची, तीच विद्या, अर्धीमुर्धी आणि चुकीची, परदेशी नाव लावून दुसऱ्या मुलाला हजारो रुपयांत विकायची आणि वर प्रमाणपत्र द्यायचे! हा कुठला न्याय?

कायद्याचेही बघा. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथली वनोपज परवानगीवाचून तोडता येत नाही. पाड्यावरच्या बाईला २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजेवर हक्क दिला, तरी मोळी घेऊन उतरताना तिची छाती धडधडते. शिबिरातला तरुण मात्र शेंडा तोडतो आणि आपले छायाचित्र जगाला दाखवतो. ज्याचे पोट त्या रानावर, त्याला भीती. ज्याची करमणूक, त्याला ऐट.

यावर माझे एक तरुण स्नेही म्हणतात, "मास्तर, दोनचार झाडांनी काय होते? तिकडे बिल्डर शेकड्यांनी ताड पाडतात ते दिसत नाही का?" दिसते, बाबा, रोज दिसते. नायगावपासून जूचंद्रपर्यंत मिठागरांच्या आणि शेतांच्या बांधांवर जे ताड उभे होते त्यांच्या जागी आता इमारती आहेत. आणि इमारतीच्या दाराशी काय लावतात? क्यूबाकडचा रॉयल पाम! पांढऱ्या रंगवल्यासारखा, विलायती बँडवाल्यासारखा ओळीत उभा. त्याला ना ताडगोळा, ना केरसुणी, ना सुगरणीचा खोपा. सुगरण शिंदीच्या झावळीला खोपा टांगते, कारण खाली काट्यांचा पहारा असतो. ताडाच्या पानाखाली ताडपाकोळी लाळेने आपले चिमुकले घरटे चिकटवते. बिल्डरचा अपराध मोठा आहे म्हणून शिबिराचा लहान अपराध सद्गुण होत नाही. उलट बिल्डरला निदान झाडावर प्रेम असल्याचे सोंग तरी आणावे लागत नाही.

दुसरे स्नेही अधिक विद्वान. ते म्हणतात, "आदिवासीसुद्धा गाभा खातातच की!" खातात. वादळाने झाड पाडले, घरासाठी किंवा पुलासाठी खोड पाडावे लागले, की गाभा वाया घालवत नाहीत. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने आमच्याकडे झाडे आडवी केली, तेव्हा पडलेल्या ताडा-माडांचे गाभे ज्यांनी खाल्ले त्यांना मी नावे ठेवणार नाही; मला मिळाला असता तर मीही खाल्ला असता. पडलेल्याचे खाणे आणि खाण्यासाठी पाडणे यांतला फरक चौथीच्या मुलाला कळतो. विद्वानाला कळायला वेळ लागतो.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही, आणि कादंबऱ्या लिहितो म्हणून मला जंगलातले कळते असा माझा दावा नाही. पण शाळेतल्या पोरांना घेऊन मी चंडिकादेवीच्या डोंगरावर जातो, आणि गावात रांगोळीला जे स्थान आहे त्यामुळे आमच्या पोरांची नजर बारीक असते. ठिपका चुकला की त्यांना कळतो. त्या नजरेला मी झाडे दाखवतो. एका मुलीने शिंदीच्या खोडावरच्या खाचा मोजून झाडाचा हिशेब सांगितला तेव्हा बरोबरचा म्हातारा तिच्याकडे अशा कौतुकाने पाहत राहिला, की तशा नजरेने इन्स्पेक्टरसाहेबांनी आजवर माझ्या वर्गाकडे पाहिलेले नाही.

म्हणून शिबिरे भरवणाऱ्यांना माझे सांगणे आहे. या, जरूर या. पण सुरा घरी ठेवून या. मार्गशीर्षातल्या एखाद्या पहाटे मुलांना सूर्योदयाआधी झाडाखाली उभे करा आणि चढणाऱ्याला पायात दोरीचे कडे घालून चढताना पाहू द्या. झाकल्या मडक्यातला रस उतरला की तो चुलीवर आटवून त्याचा गूळ होईपर्यंत त्यांना ढवळायला लावा. हात दुखले म्हणजे भूक काय ते त्यांना कळेल. दुपारी पाड्यावरच्या बाईकडून गळालेल्या झावळ्यांची शाकारणी शिकवा आणि वरून चार घागरी पाणी ओता. छप्पर गळले तर पुन्हा रचायला लावा. संध्याकाळी प्रत्येकाने शिंदीची केरसुणी वळावी आणि ती घरी आईला द्यावी. जाताना ताडाच्या चार बिया वनखात्याला विचारून बांधाकडेला पुराव्या. फळ धरायला पंधरा-वीस वर्षे लागतील, तेव्हा ही मुले आपल्या मुलांना घेऊन येतील. आणि जो चढला आणि जिने शाकारले, त्यांना चहापाण्याचे पैसे देऊन वाटेला लावू नका. प्रमाणपत्रावर शिक्षक म्हणून त्यांचे नाव घाला, आणि मानधन किती ते त्यांनाच विचारा. फीचा आकडा ठरवताना तुम्ही पालकांना विचारले नव्हते; इथे विचारायला हरकत नाही.